‘भरपाई’ या शब्दाचा अर्थ : वाहनदुरुस्तीचे दर व विमा यांविषयीच्या वादांचा एक भाषिक विचार

१

मोटारीच्या पत्र्याची दुरुस्ती, तिचे दर आणि विमाकंपनीने द्यावयाची रक्कम हा विषय भाषाशास्त्राच्या पत्रिकेत यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. हा प्रांत अर्थशास्त्राचा, फार तर कायद्याचा, असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखकाचीही समजूत काही काळापूर्वीपर्यंत याहून निराळी नव्हती. परंतु नवी मुंबईतील एका शेजाऱ्यांच्या निमित्ताने अशा एका वादाचे सर्व कागद ओळीने वाचण्याचा प्रसंग आला, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक मतभेद अखेरीस कोणत्या ना कोणत्या शब्दापाशी येऊन थांबतो असे दिसून आले. गॅरेजवाला, वाहनाचा मालक आणि कंपनीचा सर्वेक्षक हे तिघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. मात्र एकाच शब्दाने ते तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते. हे कसे घडते आणि त्यावर उपाय कोणता, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

२

प्रथम प्रसंग सांगतो. हे शेजारी वाशीच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारातून भाजीपाला वाहून नेण्याचा व्यवसाय करतात. पुढे बॉनेट असलेला, तीन वर्षांच्या आतला एक लहान टेंपो हे त्यांचे सर्व भांडवल. मालक तेच आणि चालकही तेच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर पुढील ट्रकची गती एकाएकी मंदावली आणि टेंपो त्यावर आदळला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही; परंतु बॉनेट, दिवे, बंपर, समोरची काच आणि डाव्या बाजूचा पत्रा यांची मोडतोड झाली. तुर्भ्यातील एका गॅरेजने ६२,००० रुपयांचे ‘एस्टिमेट’ दिले. सर्वेक्षक आला, त्याने छायाचित्रे घेतली. दोन दिवसांनी गॅरेजमधून निरोप आला की ‘अप्रूव्हल’ मिळाले. काम सुरू झाले.

तीन आठवड्यांनी बिल हाती आले ते ७०,००० रुपयांचे. ‘गाडी खोलल्यावर आतला मार दिसला,’ हे वाढीव ८,००० रुपयांचे कारण. कंपनीने मान्य केलेली रक्कम २९,००० रुपये. उरलेले ४१,००० रुपये दिल्यावाचून गाडी सोडणार नाही, असे गॅरेजने स्पष्ट सांगितले. आणि गाडी उभी असेपर्यंत कमाईही उभीच. त्या संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन ते घरी आले व म्हणाले, “सर, तुम्ही भाषेचे डॉक्टर ना? मग यात लिहिलंय काय, तेवढं सांगा.”

प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते.

३

पहिला शब्द ‘एस्टिमेट’. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून बोलणे ही एक कृती आहे हा विचार आपल्या विद्येत रुळला आहे. वचन देणे, भाकीत करणे, मागणी करणे या भिन्न वाक्कृती होत, आणि एकच विधान प्रसंगानुसार यांपैकी कोणतीही कृती करू शकते. गॅरेजचे अंदाजपत्रक हे याचे उत्तम उदाहरण होय. गॅरेजवाल्याच्या दृष्टीने ते भाकीत आहे: बाहेरून पाहता एवढा खर्च दिसतो, आत काय आहे ते खोलल्यावर कळेल. मालकाच्या दृष्टीने ते वचन आहे: एवढ्या पैशांत गाडी पूर्ववत होईल. विमाकंपनीच्या दृष्टीने ती केवळ मागणी आहे: एवढे मिळावे असे यांचे म्हणणे, किती द्यावयाचे ते आम्ही ठरवू. भाकीत चुकले तर कोणी दोषी ठरत नाही. वचन मोडले तर विश्वासघात होतो. मागणी अमान्य झाली तर त्यात गैर काहीच नाही. एकाच कागदाचे असे तीन अर्थ होत असता त्यावरून भांडण न होते तरच आश्चर्य.

‘अप्रूव्हल’ची गोष्ट याहून नाजूक आहे. कंपनीच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ दुरुस्तीस प्रारंभ करण्यास हरकत नाही, एवढाच असू शकतो. गॅरेजमध्ये त्याचा अर्थ कामाला हात घालावा असा होतो. मालक मात्र ‘कंपनीने मान्य केले’ असे ऐकतो आणि काय मान्य केले, हा कर्माचा प्रश्न विचारावयाचे राहून जाते. ‘मान्य करणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्याचे कर्म अध्याहृत ठेवले की प्रत्येक जण आपल्या सोयीचे कर्म त्यास जोडतो. ‘कॅशलेस’ हा शब्दही असाच. रोख न देता काम होईल, असा त्याचा अर्थ ग्राहक घेतो. वस्तुतः कंपनी आपला वाटा परस्पर गॅरेजला देते, इतकेच त्यात अभिप्रेत असते. ग्राहकाचा वाटा कोठेच जात नाही.

४

आता या सर्व वादाच्या मुळाशी असलेल्या शब्दाकडे वळू. ‘विमा’ हा शब्द फार्सीतून आला. त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भय हा अर्थ आहे. विम्याने जे मिळते त्यास आपण ‘नुकसानभरपाई’ म्हणतो. ‘भरपाई’ शब्दातील ‘भर’ पूर्णतेचा द्योतक आहे. जुन्या पावत्यांवर देणे फिटल्याची खूण म्हणून ‘भरून पावलो’ असे लिहीत, आणि त्याच ‘पावणे’ क्रियापदापासून ‘पावती’ हा शब्द झाला. तेव्हा ‘भरपाई’ म्हटले की मराठी मनापुढे उभी राहते ती काठोकाठ भरलेली पोकळी.

पॉलिसीच्या इंग्रजीतील ‘इंडेम्निटी’ या शब्दाचा लॅटिन मूळार्थ ‘हानीवाचून’ असा आहे. तिचा सिद्धान्त असा की, अपघातापूर्वी मनुष्य ज्या आर्थिक स्थितीत होता त्या स्थितीस त्यास परत आणावयाचे. त्याहून खाली नाही आणि वरही नाही. अपघातापूर्वी बंपर तीन वर्षांचा जुना होता. दुरुस्तीनंतर तो नवा कोरा बसला. जुन्या आणि नव्या यांमधील फरक ही मालकास झालेली प्राप्ती समजून ती रकमेतून वळती केली जाते. यासच ‘डेप्रिसिएशन’ किंवा घसारा म्हणतात. मराठी शब्द पूर्णतेचे आश्वासन देतो आणि इंग्रजी संकल्पना समतोलाचे. एकाच्या जागी दुसरा योजला जातो तेथेच अपेक्षाभंगाचे बीज पडते. ‘कंपनीने पैसे कापले’ असे ग्राहक म्हणतो. ‘आम्ही देय तेवढे दिले’ असे कंपनी म्हणते. दोन्ही वाक्ये आपापल्या शब्दार्थानुसार बरोबर आहेत.

५

घसारा किती, हे वस्तूच्या नावावर अवलंबून असते. २००२ सालच्या भारतीय मोटार टॅरिफने पॉलिसीची जी प्रमाण भाषा ठरवून दिली ती, २००७ पासून हप्त्याचे दर मोकळे झाले तरी, बव्हंशी टिकून राहिली. तीनुसार रबर, नायलॉन व प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि काचेच्या भागांवर शून्य घसारा धरला जातो. धातूच्या व इतर सर्व भागांवर वाहनाच्या वयानुसार घसारा लागतो: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीन वर्षांपर्यंत १५, चार वर्षांपर्यंत २५, पाच वर्षांपर्यंत ३५, दहा वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामात केवळ साहित्याच्या किंमतीवर ५० टक्के घसारा आहे. आणि बिलात साहित्य व मजुरी वेगळी दाखविलेली नसेल तर एकूण रकमेचा २५ टक्के भाग साहित्याचा समजावा, असा नियम आहे.

एका साडेतीन वर्षांच्या खाजगी मोटारीचे कल्पित उदाहरण घेऊ. करांचा विचार तूर्त बाजूस ठेवू. बंपर ६,००० रुपये, मडगार्डचा पत्रा ४,०००, पुढचा दिवा ८,०००, समोरची काच ७,०००, रंगकाम १२,००० आणि मजुरी ५,०००, एकूण ४२,०००. बंपर प्लास्टिकचा म्हणून ३,००० गेले. पत्रा धातूचा, त्यावर २५ टक्के म्हणजे १,०००. दिवा प्लास्टिकचा धरल्यास ४,०००. काचेवर काही नाही. रंगकाम एकरकमी असल्याने ३,००० रुपयांचे साहित्य धरून त्याच्या निम्मे, १,५००. मजुरी अबाधित. एकूण घसारा ९,५०० आणि सक्तीची वजावट १,०००. म्हणजे कंपनीकडून ३१,५०० आणि मालकाच्या खिशातून १०,५००.

येथे दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘काच’. दिव्याच्या पुढील पारदर्शक भागास आपण सर्रास ‘दिव्याची काच’ म्हणतो. पूर्वी ती काचच असे. हल्लीच्या बहुतेक मोटारींत ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. वस्तू बदलली, नाव राहिले. अर्थविकासाचा हा अगदी नित्याचा प्रकार होय. परंतु आपल्या उदाहरणात त्या एका नावाचे मोल ४,००० रुपये आहे. दुसरा शब्द ‘रंगकाम’. त्याच १२,००० रुपयांचे बिल गॅरेजने ‘साहित्य ७,०००, मजुरी ५,०००’ असे फोडून दिले असते तर घसारा १,५०० ऐवजी ३,५०० झाला असता. काम तेच, रंग तोच. लिहिण्याच्या रीतीने २,००० रुपयांचा फरक पडला.

विक्रीच्या भाषेने यात आणखी भर घातली आहे. ‘झिरो डेप’ नावाचे जोडसंरक्षण घेतले की घसारा माफ होतो, हे खरे. परंतु त्यास ‘बंपर टू बंपर’ असे लाडके नाव मिळाले आणि पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत जे जे काही असेल ते ते सर्व आले, अशी समजूत पसरली. सक्तीची वजावट त्यातही राहते. यांत्रिक बिघाड आणि नित्याची झीज तर मूळ पॉलिसीतच वगळलेली असते.

६

दराचा वाद याहून वेगळा दिसतो, पण तोही एका विशेषणाभोवती फिरतो. दुरुस्ती आवश्यक आहे आणि तिचा आकार वाजवी आहे हे पाहण्यास विमेदाराने कंपनीस सर्व साहाय्य करावे, अशा आशयाची अट प्रमाण पॉलिसीत आहे. ‘वाजवी’ हा शब्द अरबी ‘वाजिब’पासून आला असून त्याच्या मुळाशी कर्तव्याचा, बंधनाचा भाव आहे. कोणाच्या दृष्टीने वाजवी, हे मात्र तो शब्द सांगत नाही. अधिकृत कार्यशाळेचा दर एक, तुर्भ्याच्या गल्लीतील डेंटरचा दर दुसरा, आणि कंपनीने आपल्या जाळ्यातील गॅरेजांशी ठरविलेला दर तिसरा. रंगाचा दर पॅनलप्रमाणे लावण्याची रीत आहे. आता दार चेपले आणि रंग धातुचमकीचा असला तर छटा जुळविण्यासाठी कारागिरास शेजारच्या पॅनलवरही रंगाचा हात फिरवावा लागतो. कारागिराच्या हिशेबी ही दोन पॅनले झाली; कंपनीच्या हिशेबी मोडलेले पॅनल एकच. ‘पॅनल’ म्हणजे मोडलेला भाग की रंगविलेला भाग, हा येथला खरा प्रश्न; दर हे त्याचे बाह्य रूप.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असे नव्हे. अमेरिकेत १९६३ साली सरकार आणि विमाकंपन्यांच्या तीन संघटना यांच्यामध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात संमतिनिवाडा झाला. संघटितपणे मूल्यनिर्धारकांची योजना राबवून पत्रादुरुस्तीचे दर दाबून ठेवण्यास त्याने मनाई केली. ‘प्रचलित दर’ कोणी प्रचलित केला, हाच तेथील वादाचा गाभा होता. भारतात प्रश्न दुसऱ्या टोकाने पुढे आला. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देण्याच्या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटारनिर्मात्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे ही प्रकरणे वरिष्ठ पीठांपुढे गेली. या दोन घटनांवरून एवढे दिसते की, बाजारात पर्याय असतील तरच ‘वाजवी’ या शब्दास तुलनेचा आधार मिळतो. पर्याय नसतील तर तो शब्द ज्याच्या हाती व्यवहार त्याच्या मर्जीचा पर्याय होऊन बसतो.

७

आता शेजाऱ्यांच्या टेंपोकडे परत येऊ. व्यापारी वाहनांच्या पॉलिसीला टॅरिफचे एकविसावे पृष्ठांकन जोडलेले असते. वाहनाची संपूर्ण हानी झाली असेल तो प्रसंग सोडून दिवे, टायर, ट्यूब, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम यांची हानी कंपनी देणार नाही, असे ते सांगते. अधिक हप्ता भरून तेविसावे पृष्ठांकन घेतले तरच या वस्तूंना संरक्षण मिळते. शेजाऱ्यांनी ते घेतलेले नव्हते. किंबहुना असे काही असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. दिवे, बंपर आणि रंगकाम यांची रक्कम का गेली, याचा उलगडा येथे झाला.

परंतु बॉनेटच्या ११,००० रुपयांचे काय? एकविसाव्या पृष्ठांकनात मडगार्डनंतर ‘बॉनेट साइड पार्ट्स’ हे शब्द मध्ये कोणताही विराम न देता लागोपाठ आले आहेत. तेविसाव्याच्या शीर्षकात मात्र ‘बॉनेट’ आणि ‘साइड पार्ट्स’ यांच्यामध्ये तिरकी रेघ आहे. पहिल्या ठिकाणी सरळ वाचन केल्यास ‘बॉनेटचे बाजूचे भाग’ असा षष्ठी तत्पुरुष होतो आणि बॉनेट स्वतः वगळलेल्या वस्तूंत मोडत नाही. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट ही एक वस्तू आणि बाजूचे भाग ही दुसरी, असा द्वंद्व होतो. आपल्या शास्त्रकारांनी शाब्दबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी कारणे सांगितली आहेत. येथे संनिधीवरच, म्हणजे शब्दांच्या लगटीवरच, सर्व अर्थ अवलंबून आहे. तत्पुरुष की द्वंद्व, हा प्रश्न आपण वर्गात विचारतो तेव्हा त्याचे उत्तर चुकल्यास एखादा गुण जातो. येथे एका माणसाचे काही दिवसांचे पोट त्यावर होते.

अशा संदिग्धतेचा निर्णय कसा करावा, याविषयी कायदा मूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली जनरल ॲश्युरन्स सोसायटीच्या प्रकरणात दोन्ही बाजू सांगितल्या आहेत: करार ज्या शब्दांत केला त्याच शब्दांचा अर्थ न्यायालयाने लावावयाचा, पक्षकारांसाठी नवा करार लिहावयाचा नाही, तथापि शब्द संदिग्ध असतील तर ज्याने ते लिहिले त्या विमाकंपनीविरुद्ध अर्थ घ्यावयाचा. वाक्याच्या रचनेचाही न्यायालये असाच सूक्ष्म विचार करतात. हानी होताच कंपनीस तत्काळ लेखी कळवावे, ही प्रमाण पॉलिसीतील पहिली अट. वाहनचोरीच्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने या अटीचे भाग पाडून, अपघातासाठीचा भाग आणि चोरीसाठीचा भाग निराळे वाचले आणि पोलिसांकडे तत्काळ तक्रार केली असता कंपनीस कळविण्यास झालेल्या उशिरामुळेच दावा बुडत नाही, असे ठरविले. वाक्यभेद मानावा की एकवाक्यता, हा मीमांसकांचा जुना प्रश्न येथे मोटारीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

‘आनुषंगिक हानी’ हा शब्दही असाच विचार करावयास लावतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. पुराची हानी पॉलिसीत येते. परंतु पाण्यात उभी गाडी पुन्हा सुरू केली असता हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडे वाकतात. ही हानी पुराने झाली की चालकाने चावी फिरविल्याने? ‘मुळे’ या एका शब्दयोगी अव्ययाचा व्याप किती धरावयाचा, एवढाच प्रश्न. त्यावर अशा प्रसंगी इंजिनाचा सगळा खर्च अवलंबून राहतो. आता इंजिनासाठी वेगळे जोडसंरक्षण विकले जाते, ते याच कारणाने.

८

वाद मिटविण्याचे मार्ग सांगावयाचे तर ते दोन अवस्थांत सांगावे लागतील: काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर.

पूर्वीची अवस्था अधिक महत्त्वाची. अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: भाग कोणत्या द्रव्याचा आहे, तो दुरुस्त करावयाचा की बदलावयाचा, आणि सर्वेक्षकाने त्यापैकी किती मान्य केले. ‘अप्रूव्हल आले’ हा तोंडी निरोप पुरेसा मानू नये; काय आणि किती मान्य झाले याचा कागद मागावा, म्हणजे क्रियापदास त्याचे कर्म मिळेल. गाडी खोलल्यावर नवे नुकसान दिसले तर ते बदलण्यापूर्वी सर्वेक्षकास दाखवावे आणि काढलेले जुने भाग निकाल लागेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नयेत. जुना भाग हा या व्यवहारातील एकमेव असा साक्षीदार आहे की ज्याचे वर्णन करावे लागत नाही. तो दाखविता येतो.

वाद उभा राहिल्यावर प्रथम सर्वेक्षण-अहवालाची प्रत मागावी. विशिष्ट रकमेपलीकडील दाव्यांत परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ यूएम या कलमान्वये आवश्यक असतो. परंतु हा अहवाल म्हणजे अंतिम शब्द नव्हे; सबळ कारण असल्यास त्यापासून दूर जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याकडे लेखी हरकत नोंदवावी. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर मान्य नसल्यास एका वर्षाच्या आत, विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची योजना नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नवी मुंबईची प्रकरणे पूर्वी पुण्याच्या कार्यालयाकडे जात. आता त्यांसाठी ठाण्याचे कार्यालय आहे. दुसरा मार्ग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. त्याची मुदत दोन वर्षांची असून तक्रारदार राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा वाहनमालकही ग्राहकाच्या व्याख्येत बसतो. गॅरेजविरुद्धची तक्रार मात्र लोकपालाकडे चालत नाही. तिच्यासाठी ग्राहक आयोगच.

गॅरेजने गाडी अडविली तर तो अन्यायच असे समजू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमानुसार, वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्च करणाऱ्यास मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा अधिकार आहे. अशा वेळी शक्य असल्यास हरकत राखून पैसे द्यावेत, तशी नोंद पावतीवर करावी आणि गाडी सोडवून मग वाद चालवावा. कारण वाहन उभे राहिल्याने बुडालेली कमाई प्रमाण पॉलिसी देत नाही. कंपनीच्या ‘पूर्ण व अंतिम’ समाधानाच्या कागदावर सही करतानाही हेच लक्षात ठेवावे. अशी सही फसवणुकीने किंवा दडपणाखाली घेतली असल्यास तिने ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. परंतु फसवणूक किंवा दडपण सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच पडतो.

कोणत्याही पायरीवर ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्यापेक्षा ‘अमुक ओळीतील अमुक शब्दाचा तुम्ही असा अर्थ घेतला, तो असा का, ते सांगावे’ हे वाक्य अधिक उपयोगी पडते. पहिल्या वाक्यास सहानुभूतीचे उत्तर देता येते; दुसऱ्यास कारणच द्यावे लागते.

९

शेजाऱ्यांसाठी आम्ही असेच एक पानभर पत्र लिहिले. बॉनेट कोणत्या शब्दांनी वगळले आहे, असा त्यात एकच प्रश्न होता आणि आतील माराची पुन्हा पाहणी करावी अशी विनंती होती. गॅरेजवाल्याने जुने भाग सुदैवाने ठेवले होते. ते दाखविण्यास तो आनंदाने पुढे आला. त्याचीही रक्कम अडकली होती आणि आपण खोटे बोललो नाही हे त्यास दाखवावयाचे होते. कंपनीने बॉनेट मान्य केले. १५ टक्के घसारा जाऊन ९,३५० रुपये आले. वाढीव ८,००० पैकी ५,००० रुपयांच्या भागांवर तोच घसारा लागून ७,२५० मिळाले. एकंदर रक्कम २९,००० वरून ४५,६०० झाली. उरलेले २४,४०० रुपये त्यांना भरावेच लागले आणि बुडालेले दिवस परत आले नाहीत. दिवे, बंपर आणि रंग यांविषयी कंपनीचे म्हणणे बरोबर होते, हे त्यांना समजावून सांगणे हा या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग होता. “म्हणजे भरपाई भरून मिळत नाही तर,” एवढेच ते म्हणाले.

आपल्या विद्यार्थ्यांनी या वाक्याचा विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. नवी मुंबईसारख्या नगरात एका अंदाजपत्रकावर मराठी, हिंदी, गॅरेजची मिश्र बोली आणि पॉलिसीचे इंग्रजी यांची गाठ पडते. अशी अंदाजपत्रके, सर्वेक्षण-अहवाल आणि हरकतपत्रे गोळा करून त्यांतील शब्दांचे अर्थ पक्षवार नोंदविणे हे पदव्युत्तर प्रबंधास पुरेल असे कार्य आहे. त्यातून दुरुस्ती, बदल, मान्यता, घसारा, वजावट आणि वाजवी दर या शब्दांच्या सोप्या व निश्चित मराठी व्याख्या तयार झाल्या आणि त्या अंदाजपत्रकाच्या पाठीवर छापल्या गेल्या, तर पुष्कळ वाद गॅरेजच्या दारातच मिटतील. पुढील वर्षी तेविसावे पृष्ठांकन घ्यावयाचे किंवा नाही, हे आमचे शेजारी आता स्वतः वाचून ठरविणार आहेत.